बंदूक खाली कर

डुकरांनी यंदा झाड्यांच्याच वावराला धरलं होतं. नाल्यापलीकडे बाभळीचं बन, बनात कळप, आणि ज्वारीच्या कणसात दूध भरलं की कळपाला आमंत्रण धाडावं लागत नाही. डुक्कर खातं थोडं आणि मोडतं फार. रात्री उभं असलेलं पीक सकाळी आडवं. ज्वारी गेली की माणसांचं खाणं गेलं, कडबा गेला की बैलांचं गेलं, मग घरात राहतं काय? म्हणून वासुदेवराव झाडे रोज संध्याकाळी भाकर खाऊन बंदूक खांद्यावर टाकत आणि मचाणावर जाऊन बसत.

बंदूक त्यांच्या बापाची. लायसनची, पिकाच्या राखणीसाठी मिळालेली. होती भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजानं ठासून बसवायचं. मागं घोड्याखाली पितळेची बारीक टोपी लावायची आणि चाप ओढायचा. असल्या बंदुकीचं एक असतं. भरायला वेळ लागतो आणि भरली की उडवल्याशिवाय सुटका नाही. ज्या रात्री डुकरं फिरकत नसत त्या रात्रीचा बार सकाळी नळीत तसाच असायचा. आणि भरली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायची नाही, हा वासुदेवरावांच्या आईचा, अनुसयाबाईंचा, कायदा होता. म्हातारीनं तो नवऱ्यालाही लावला होता आणि लेकालाही.

म्हणून वासुदेवराव गावात शिरण्याआधी नाल्याच्या उतारावर उभे राहत, टोपी लावत आणि आभाळाकडे बार काढत. याला गावात 'बंदूक खाली करणं' म्हणत. खाली म्हणजे रिकामी, आमच्याकडे दुसरा अर्थ लवकर मनात येत नाही. बार ऐकू आला की इकडं कोकिळाबाई चुलीवर तवा ठेवायच्या. नवरा आला हे कळायला तेवढं पुरे होतं.

आता माणूस कसा, ते सांगायला पाहिजे. कष्टाळू, निर्व्यसनी, कोणाच्या एका काडीला हात न लावणारा. पण डोकं तापट. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. अल्लीपूरच्या बाजारात माप कमी पडलं म्हणून दुकानदाराचा तराजू त्यानं रस्त्यात भिरकावला होता. बैल अडला तर बैलाशी भांडेल, दोर तुटला तर दोराशी. घरात तर विचारूच नका. भाजी आळणी निघाली की ताट अंगणात, आणि मग सगळं घर श्वास धरून बसलेलं. राग उतरला की स्वतःच ताट उचलून आणायचा, हेही खरं. पण ताटातलं अन्न काही परत यायचं नाही.

मागल्या हंगामात शेजारच्या गावच्या हरिभाऊ कामड्यांची बंदूक पोलिसांनी जमा केली. कारण काही नाही. शिपायानं लायसन मागितलं, हरिभाऊ म्हणाले, "तुया बापाले विचार." बंदूक ठाण्यात गेली ती अजून तिथंच आहे, आणि हरिभाऊंची ज्वारी डुकरांनी महिन्याच्या आत साफ केली. हरिभाऊ या वर्षी लोकांच्या वावरात मजुरीला जात होते.

अनुसयाबाईंनी लेकाला समोर बसवून सांगितलं होतं, "वासुदेवा, पोलीस भेटला तं मान खाली घालजो आन जी जी करजो. तोंड सुटलं का बंदूक गेली. बंदूक गेली का जवारी गेली. मंग तूबी जाजो हरिभाऊच्या मांगं इळा घेऊन."

"मले काय समजत नाई का?"

"समजते ना. पण समजेपर्यंत तुयं तोंड बोलून मोकळं होते."

त्यातून राज्य बदललेलं. नागपूरची राजधानी गेली आणि मुंबईचा कारभार आला, तसे तिकडचे साहेब इकडं यायला लागले. ठाण्यात साताऱ्याकडचा एक तरुण साहेब आला होता. आमचे लोक त्याला ठाणेदार म्हणत, तो म्हणे फौजदार म्हणा. मराठीच बोलायचा, पण बायाबापड्यांना अर्धं कळायचं नाही आणि त्याला आमचं पावही. आमच्या बायाही स्वतःला 'जातो, येतो'च म्हणतात, याचं तर त्याला नवलच वाटायचं. अशात हिंगणघाटच्या रस्त्यावर कोणीतरी बंदूक दाखवून एका गाडीवाल्याला लुटलं. बंदूक जुनी होती एवढंच गाडीवाल्याला सांगता आलं. तेव्हापासून साहेब जमादाराला घेऊन भल्या पहाटे सायकलीवर गावं पालथी घालत होता.

त्या रात्री डुकरं आली नाहीत. उजाडताना थंडी अशी पडली की वासुदेवरावांची बोटं चापावर वाकेनात. मचाणावरून उतरले, दुपट्टा कानाला गुंडाळला, बंदूक खांद्यावर टाकली आणि शेतांच्या कडेनं, धुऱ्याधुऱ्यानं नाल्यापर्यंत आले. धुकं होतं. रोजच्या जागी उभे राहिले तेवढ्यात समोरून दोन सायकली आल्या.

"थांब! हलू नकोस!"

वासुदेवराव थांबले. सायकली आडव्या पडल्या. पुढं तो साहेब, गोरा, कोवळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मागं जमादार किसनराव, आंजीचा माणूस, ज्यानं मागल्या वर्षी याच वावरात बसून पोटभर हुरडा खाल्ला होता. किसनरावानं ओळख दाखवली नाही. साहेबासमोर कोण दाखवतो?

"बंदूक खाली कर!"

वासुदेवरावांना बरंच वाटलं. साहेब नवा आहे, पण गावची रीत माहीत करून घेतलेली दिसते. भरली बंदूक घेऊन गावात शिरू नको, म्हणतो. शहाणा आहे.

"हो जी," म्हणून त्यांनी बंदूक खांद्यावरून घेतली, नळी आभाळाकडे केली आणि उजवा हात कमरेला नेला. टोप्यांची डबी कमरेला होती.

साहेबाच्या हातात पिस्तूल आलं. किसनरावाची रायफल खांद्याला लागली.

"खाली कर म्हणतो ना! खाली!"

डबीच्या झाकणावर बोट तसंच राहिलं. खालीच तर करत होतो, वासुदेवरावांच्या मनात आलं. हा माणूस सांगतो ते करायला जावं तर छातीवर नळी धरतो. कानशिलं तापली. माझ्या बापाच्या नाल्यावर उभा राहून मला कुत्र्यासारखा हाकलतो का हा? तोंडात शब्द आलाच होता. तो शब्द इथं लिहिण्यासारखा नाही.

मग त्यांना पिस्तुलाचं तोंड दिसलं. ते हलत होतं. थंडीनं की कशानं, कोण जाणे. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातलं हत्यार किती वाईट, हे रोज बंदूक धरणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला तो त्यांचा नव्हता. बारीक, सपाट, खालच्या पट्टीतला.

"साहेब, मी आता हात कमरेपासून दूर नेतो जी. हळू नेतो. तुमी पाहा."

हात दूर गेला. पंजा उघडा.

"बंदूक भरली हाय जी. टोपी लावली नाई, म्हणून उडणार नाई. पण भरली हाय, हे तुमाले आधी सांगतो. खाली म्हणजे उडवून रिकामी करू, का भुईवर ठेवू? तुमी म्हणसान तसं करतो."

"उडवतोस? कुणाला उडवतोस?"

किसनराव खाकरला. रायफल न हलवता म्हणाला, "साहेब, इकडं खाली म्हणजे रिकामी. हे लोक रोज बार काढतात इथं."

साहेबानं एकदा किसनरावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जमिनीवर ठेव."

"ठेवतो जी. आता वाकतो. नळी नाल्याकडे करतो, तुमच्याकडे नाई. हे ठेवली. आता मांगं सरतो."

ते मागं सरले. मागं चिखल होता, त्यात पाय गेला. साहेबानं तिथंच बसायला सांगितलं, ते बसले. किसनरावानं त्यांचाच दुपट्टा सोडून त्यांचे हात पाठीमागे बांधले. बांधताना कानाशी म्हणाला, "वासुदेवभाऊ, नोकरी हाय बाप्पा." गाठ मात्र त्यानं चांगली आवळली.

"गाडी लुटली त्या रात्री कुठं होतास?"

"वावरात जी. मचाणावर."

"बरोबर कोण होतं?"

डुकरं होती, त्यांची जबानी घ्या, हे उत्तर वासुदेवरावांच्या जिभेवर तयार होतं. दुसरा दिवस असता तर दिलंच असतं आणि गावानं ते पुढं वर्षभर सांगितलं असतं. "एकटाच होतो जी," ते म्हणाले.

"लायसन?"

"घरी हाय जी. पेटीत. बायकोजवळ निरोप द्या, बायको आणून देते."

"लायसन घरी आणि बंदूक इथं? तुझी बायको राखण करते का लायसनची?"

"चुकलं जी."

साहेबानं छडीचं टोक त्यांच्या हनुवटीखाली लावून तोंड वर केलं आणि चेहरा निरखला, बाजारात बैल निरखतात तसा. गाडीवाल्यानं सांगितलेल्या माणसाला दाढी होती की मिशा, हे साहेबाला आठवत नसावं. छडी काढली. हनुवटीला थंड ठिपका राहिला.

धुकं फाटलं आणि वेचणीच्या बाया निघाल्या. कमरेला कापूस वेचायचे पालव बांधलेल्या, हसत बोलत येत होत्या, त्या उतारावर येऊन गप्प झाल्या. वासुदेवराव झाडे चिखलात उकिडवे, हात मागं बांधलेले. बायांनी पदर पुढं ओढले आणि रस्ता सोडून धुऱ्यानं गेल्या. जाताना एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, ते त्यांनी पाहिलं. ज्यांच्यावर त्यांनी वेचणीत डाफरून डाफरून काम करून घेतलं होतं त्याच या बाया.

साहेबानं बायांत सगळ्यांत मागं असलेल्या सीताबाईला थांबवलं आणि झाड्यांच्या घरी जाऊन लायसन आणायला सांग म्हणून पाठवलं. सीताबाई पळत गेली.

ऊन चढलं. पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. चिखल धोतरावर वाळून कडक झाला. आणि नाकावर माशी येऊन बसली. खरोखरच बसली. वासुदेवरावांनी नाक हलवलं, फुंकर मारली, माशी उठून पुन्हा तिथंच. हात बांधलेले. किसनराव पाहत होता. त्याला हसू आलं होतं की वाईट वाटत होतं, ते त्याच्या तोंडावरून कळेना. साहेब नाल्याच्या पाण्यात बुटाचा चिखल धूत होता.

"साहेब," वासुदेवराव म्हणाले, त्याच बारीक आवाजात, "थोडा पाय लांब करू का जी? हलतो म्हणून आधी सांगतो."

"कर."

"लई उपकार जी."

हे शब्द बोलताना त्यांना स्वतःचीच किळस आली. पण मनात एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, ती म्हणजे ती समोर पडलेली बंदूक. ती गेली की ज्वारी गेली. हरिभाऊंचा विळा त्यांना दिसत होता.

कोकिळाबाई आल्या त्या अनवाणी, धापा टाकत. लायसन चिंधीत गुंडाळलेलं. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. पुढं होऊन लायसन किसनरावाच्या हातात दिलं आणि चार पावलं मागं जाऊन उभ्या राहिल्या. साहेबानं ते उलटसुलट करून वाचलं, बंदुकीवरचा आकडा ताडला, किसनरावाला काही विचारलं. किसनराव म्हणाला, "चांगल्या घरचा माणूस हाय साहेब." एवढं बोलायला त्याला इतका वेळ लागला.

"सोड त्याला."

हात सुटले. मनगटांवर दुपट्ट्याचे वळ उठले होते.

"हे कायम जवळ बाळगायचं. आणि भरलेली बंदूक घेऊन रस्त्यानं फिरायचं नाही. माझ्यासमोर रिकामी कर आणि घरी जा."

"हो जी. आता उचलतो. आता डबीतून टोपी काढतो. नळी आभाळाकडे."

टोपी बसली. घोडा मागं आला. साहेब हाताच्या अंतरावर उभा होता, पाठ किंचित वळलेली, पिस्तूल कमरेला. वासुदेवरावांनी नंतर कधी कोणाला सांगितलं नाही, पण त्या क्षणी ती नळी आभाळाकडे धरून ठेवायला त्यांना सगळं अंग खर्ची घालावं लागलं. बार झाला. बनातून बगळे उठले.

साहेबाचा जीव हलका झालेला दिसला. सायकल उचलता उचलता म्हणाला, "चौकशी करावी लागते बाबा. राग नाही ना आला?"

"नाई जी," वासुदेवराव म्हणाले. "राग कायचा."

साहेबाला ते पटलं. का नाही पटणार? आवाज इतका गरीब होता की दगडालाही पटला असता. आत मात्र वासुदेवराव त्याला त्याच चिखलात तोंडावर पाडून तुडवत होते, छडीसकट, बटणांसकट.

बार होताच कोकिळाबाई पुढं निघाल्या, तवा ठेवायला.

गावात बातमी आधी पोचली होती. ओट्यावर चार माणसं जमली होती. बंदूक शाबूत पाहून अनुसयाबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "शाण्यासारखा वागला माहा वासुदेव," त्या सगळ्यांना सांगत होत्या. शेजारचे वयस्कर अण्णाजी म्हणाले, "वासुदेवभाऊ, मानलं बाप्पा तुमाले. सीताबाई सांगून राह्यली, गाईवानी बसले होते म्हणे तुमी."

गाईवानी. वासुदेवराव आत गेले.

स्वयंपाकघरात कोकिळाबाई चुलीपुढं होत्या. तव्यावर भाकर होती. दारात नवरा उभा राहिला, त्याची सावली चुलीवर पडली. हातात बंदूक तशीच.

"एवढा वेळ काऊन लागला?"

"पेटीची किल्ली आत्याबाईच्या कमरेले होती जी. त्या देवळात गेलत्या."

"मी तथी चिखलात बसून होतो! गावातल्या बाया पाहून राह्यल्या होत्या! आन तू किल्ली पाहत होती?" त्यांनी पाण्याचा गुंड लाथाडला. गुंड भिंतीवर आदळून घरंगळला आणि पाणी चुलीपर्यंत आलं. बंदुकीचा दस्ता त्यांनी जमिनीवर आपटला. "बोल ना! आता काऊन वाचा बसली?"

कोकिळाबाई उठल्या नाहीत. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले, पंजे उघडे, दिसतील असे. आवाज निघाला तो बारीक, सपाट, खालच्या पट्टीतला.

"चुकलं जी. मी आता तवा उतरवतो. हात पोयन म्हणून सांडशी घेतो, ते तुमच्या मांगं हाय. हळू घेतो जी."

त्या उठल्या. भिंतीच्या कडेनं, नवऱ्याकडे पाठ न करता गेल्या, सांडशी घेतली, तशाच परत आल्या.

वासुदेवराव दारात उभेच राहिले. नाल्यावर आपल्या गळ्यातून कोणाचा आवाज निघाला, हे सकाळपासून त्यांना कळलं नव्हतं. आता कळलं. लग्न झाल्यापासून तो आवाज ते रोज ऐकत होते. त्यांना वाटायचं, बाई स्वभावानंच गरीब आहे.

बंदूक त्यांनी खुंटीला टांगली. गुंड उचलून जागेवर ठेवला. पाटावर बसले. कोकिळाबाईंनी ताट वाढलं, समोर सरकवलं आणि हात लगेच मागं घेतला. तो हात मागं घेणं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. पोलिसाला लायसन देऊन ती अशीच चार पावलं मागं गेली होती.

"कोकिळे," ते म्हणाले. नावानं ते तिला कधी हाक मारत नसत. "तुले माहा राग येत असन ना."

कोकिळाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "राग कायचा."

वासुदेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. बराच वेळ तो त्यांच्या हातातच राहिला.